आधी टाच, मग साडी

साडी घ्यायला आलेल्या बाईला "बस" म्हणायच्या आधी "टाच दाखव" म्हणणारा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि त्याच्याच घरात मी चार वर्षं भाड्यानं राहिले. तेव्हा मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही.

आम्ही सारे त्यांना बापूजी म्हणायचो. गाव विणकरांचं, वैनगंगेपासून फार लांब नाही. मी नुकतीच प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून लागले होते. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा काळ असेल. घराच्या पुढच्या पडवीत माग, मधली खोली त्यांची, मागची माझी. शाळेत जायचं तर मागाच्या बाजूनंच जावं लागे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात बापूजींचे पाय, पायांखाली पावड्या, आणि खड्ड्याच्या कडेला बसून ते सकाळपासून खटखट साडी विणत. साडी कोशाची. टसर रेशमाला आमच्याकडे कोसा म्हणतात. मधाच्या रंगाचा, हाताला थोडा खरबरीत, पण नेसली की बाई आपोआप ताठ चालायला लागते.

दाराच्या चौकटीला एक खिळा होता. त्या खिळ्याला कोशाच्या धाग्याची एक छोटी लड टांगलेली असे. गिऱ्हाईक आलं की बापूजी पाट पुढे सरकवायचे, बाईला पाय लांब करायला लावायचे, लडीतला एक धागा तोडून दोन्ही हातांत ताणून धरायचे आणि तो तिच्या टाचेवरून सावकाश ओढायचे. पायाला बोट लावायचे नाहीत, फक्त धागा. धागा सरळ निघाला तर म्हणायचे, "पास. आता पाय साड्या." अडकला तर मान हलवायचे आणि म्हणायचे, "धागा बोलला."

धागा बोलला की संपलं. मग ती बाई सावकाराची सून असो की डॉक्टरची बायको. साडीऐवजी तिच्या हातात तंबाखूची रिकामी डबी यायची. डबीत मलम. "महिनाभर लाव. मंग ये. साडी कुठी पळून नाही जात," एवढं बोलून बापूजी पुन्हा खड्ड्यात. मलमाला तंबाखूचा वास यायचा. तक्रार केली तर म्हणायचे, "नाकाले लावाचं नाही हाय ते."

एक सांगून ठेवते, बापूजी साऱ्या जगाशी एकेरीत बोलत. त्यात मग्रुरी नव्हती, आमच्याकडे बरेच लोक तसंच बोलतात. पण बाहेरून आलेल्या माणसाला ते झोंबायचं. एकदा पुण्याकडून बदलून आलेल्या एक तपासनीस बाई माझ्याच ओळखीनं साडी बघायला आल्या. त्यांची टाच लोण्यासारखी होती, धागा सुळकन निघाला. बापूजी खूश झाले. त्यांनी पदर उलगडला आणि म्हणाले, "पाय बाई, पाय."

बाईंनी पाय आखडून घेतले.

"अवं पाय न!"

"झाले ना माझे पाय बघून?" बाई लाल झाल्या होत्या.

"पाय नाही म्हणून राहिलो, पाय म्हणून राहिलो," बापूजी कळवळून म्हणाले. मला हसू आवरेना. शेवटी मी मध्ये पडले आणि सांगितलं की बाई, आमच्याकडे "पाहा"ला "पाय" म्हणतात. ते तुम्हाला पदर पाहा म्हणताहेत. बाईंनी साडी घेतली, पण जाताना मला म्हणाल्या, हा गृहस्थ बरा आहे ना? मी म्हटलं, बरा नाही, पण चांगला आहे.

ही टाचेची तपासणी सुरू कशी झाली ते मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे बापूजींची बायको. मागाशेजारच्या कोपऱ्यात पाय लुगड्याखाली घेऊन त्या दिवसभर कोशाचा धागा मांडीवर वळत बसायच्या आणि फार थोडं बोलायच्या. मी राहायला यायच्या चार-पाच वर्षं आधी एका बाईनं नेलेली साडी दोन सणांतच काठाशी उसवली. जागोजागी धागे ओढले गेले, उंदरानं कुरतडावं तशी दशा झाली. ती बाई बाजाराच्या दिवशी साडी घेऊन आली आणि चार लोकांत म्हणाली, "बुढा सडका धागा इकून राहिला." बापूजींना ते फार लागलं. त्यांनी साडीकडे पाहिलं, मग बाईच्या पायांकडे पाहिलं. टाचांना ह्या एवढ्या भेगा. "धागा नाही सडला, तुही टाच फुटली हाय," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी चौकटीला खिळा ठोकला.

"अन् तेव्हापासून हे टाचेचे डाक्टर," काकू म्हणाल्या.

डॉक्टर म्हटलेलं बापूजींना आवडायचं. खरं सांगायचं तर मलम होतंही नामी. ते करायची रीत मी इतक्यांदा पाहिली की आजही डोळे मिटून करीन. टोरीचं तेल घ्यायचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. थंडीत ते तुपासारखं थिजतं. त्यात मधमाशीचं मेण वितळवायचं. राळ कुटून, फडक्यातून चाळून, आच काढल्यावर त्यात घालायची. आच असताना घातली तर राळेच्या गुठळ्या होतात आणि बापूजींच्या शिव्या बसतात. मग ते सारं काशाच्या थाळीत ओतून वर पाणी घालायचं आणि तळहातानं फेटायचं. पाणी काढायचं, नवं घालायचं, पुन्हा फेटायचं. हे शंभर वेळा. शंभराव्या पाण्याला काळपट तेलाचं पांढरंशुभ्र लोणी होतं. फेटायचं काम काकूंचं. मोजायचं काम बापूजींचं. मागावरून उठायचंसुद्धा नाही, नुसतं "एकोणसाठ, साठ" चालू.

लावायचे नियम वेगळे. आधी कोमट पाण्यात मीठ टाकून पाय भिजवायचे, चांगले पुसायचे, मलम भरायचं, वर जुन्या धोतराची पट्टी बांधून निजायचं. सकाळी काशाच्या वाटीनं तळवे घासायचे. वजरीला घरात बंदी. वजरीनं टाच घासणारी बाई दिसली की ते म्हणायचे, "पाय हाय का खिडकीचा गज? कानस लावून राहिली." आणि चिखल्या आणि भेगा यांत जो घोळ करील त्याची खैर नसायची. बोटांच्या बेचक्यात पाण्यानं कुजतं त्या चिखल्या, टाच कोरडी पडून फाटते त्या भेगा. "चिखल्याले सुकं पायजे, भेगेले ओलं पायजे. उलटं केलं का दोन्ही वाढते." शाळेतल्या पोरींच्या पायांवर मी हे ज्ञान पुढची तीस वर्षं वापरलं, आणि ते कधी चुकलं नाही.

मी खोली बघायला आले त्या दिवशी त्यांनी माझीही टाच पाहिली होती. मी म्हटलं, मी साडी घ्यायला नाही, भाड्यानं राहायला आले. म्हणाले, "खोली देतोच हाय. पण दाखव." धागा अडकला, अर्थातच. आमचं गाव आंबागडच्या किल्ल्याखाली, घरी धानाची शेती. शाळा शिकले तरी दर पावसाळ्यात मी मायबरोबर बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरून रोवणा केला होता. धानाच्या चिखलात वाढलेला पाय सुकला की फाटतोच. मला पहिली डबी त्या दिवशी मिळाली.

चार महिन्यांत टाचा बऱ्याच सुधारल्या. मग दिवाळीला घरी गेले, धानकापणीत राबले, पुन्हा फुटल्या. मला बापूजींसमोर नापास व्हायची लाज वाटायला लागली होती. शिक्षकाला परीक्षेची भीती जास्त. कुणीतरी सांगितलं की बिबा तापवून त्याचं तेल भेगेत सोड, आठ दिवसांत भेग मिटते. मी सोडलं. भेग मिटली की नाही कळायला मार्ग राहिला नाही, कारण दुसऱ्या दिवशी बिबा उतला. पाय घोट्यापर्यंत सुजला, फोड आले, आग आग झाली. मी कशीबशी एसटीनं परत आले आणि पडवीत बसून चक्क रडले.

बापूजी मागावरून उठले. ही साधी गोष्ट नव्हती; गिऱ्हाईक सोडून दुसऱ्या कुणासाठी विणता विणता त्यांना उठलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एक शब्द रागाचा काढला नाही. काकूंना ओलं खोबरं किसायला लावलं, ते वाटून माझ्या पायाला जाड थापलं, खायलाही तीळ-खोबरं दिलं, आणि सहा दिवस शाळेत जाऊ दिलं नाही. हेडमास्तरांना निरोप स्वतः जाऊन दिला. सातव्या दिवशी मी चालायला लागल्यावर मात्र म्हणाले, "शिकली सवरली पोट्टी तू, अन् पायात आग भरते? काहून?"

मी म्हटलं, "तुमच्या भीतीनं."

ते पुन्हा खड्ड्यात उतरले. मग म्हणाले, "माही कायची भीती? भीती धाग्याची पायजे."

असा माणूस. चूक कधी त्यांची नसायची, धाग्याची तर नाहीच नाही.

धाग्याखालोखाल त्यांचा जीव काठावर. आमच्या भागातले जुने विणकर कोशाच्या साडीला सुती काठ लावत, करवतीच्या दातांसारखी नक्षी असलेला. त्याला आडवा धागा इकडून तिकडे नेणारे तीन धोटे लागतात. एक अंगाचा, दोन दोन्हीकडच्या काठांचे. मदतीला शेजारी दुसरं माणूस लागतं. बापूजींचा भाऊ माग सोडून नागपूरला गिरणीत गेला तेव्हा यांनी तीन धोट्यांचं काम बंद केलं आणि काठसुद्धा रेशमाचाच विणायला लागले. एकाच धोट्यात साडी. ते या सुधारणेबद्दल इतके खूश होते की येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत, "अंग रेशमाचं अन् काठ सुताचा, हे म्हंजे वरून कोट अन् खाली लंगोट." हा विनोद मी चार वर्षांत शेकडो वेळा ऐकला असेल. काकू कधी हसल्या नाहीत.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी मायला विचारलं, तुला काय घेऊ? पगारातून मी थोडं मागे टाकलं होतं. माय तांदूळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही, वर पाहिलं नाही, एवढंच म्हणाली, "कोशाचं लुगडं. मंडपात एक दिवस नेसीन."

माझ्या मायनं तोवर कधी काही मागितलं नव्हतं. लहानपणी ती मालगुजाराच्या बांधीत रोवण्याला जायची. तिथं बांधावर उभी राहिलेली मालगुजाराची बायको कोसा नेसलेली असायची, हे तिनं मला एकदा सांगितलं होतं. पस्तीस-चाळीस वर्षं ते तिच्या मनात होतं, आणि मला पत्ता नव्हता. मी तेव्हाच ठरवलं की माय माझ्या लग्नात कोसाच नेसेल, आणि तो बापूजींच्या हातचा.

बापूजींना सांगितलं. ते म्हणाले, "माय म्हंजे बांधीतली. टाच पाहाले आण."

"बापूजी, मी तुमच्या घरात चार वर्षं राहते."

"तू रायतं. तुही माय नाही रायत."

मी भांडले. तुमची साडी तुम्हाला लखलाभ, असंही म्हणाले. पण कोसा दुसरीकडून घ्यायला मन होईना. ती साडी यांच्या मागावर उतरताना मी चार वर्षं पाहिलेली. शेवटी दर शनिवारी घरी जाताना मी मायसाठी मलमाच्या डब्या न्यायला लागले. माय घ्यायची, "बेस हाय वो मलम," म्हणायची. चौथ्या शनिवारी मी टाचा पाहिल्या तर जशाच्या तशा. विचारलं, लावतेस ना? म्हणाली, "लावतो न. बैलाचा खांदा किती साफ झाला, पाय."

बैलाच्या खांद्याला जुवाची जखम होती, ती खरंच पार भरून आली होती. मला हसावं की डोकं फोडावं कळेना. ही गोष्ट मी बापूजींना सांगितली नाही.

फाल्गुनात एका सोमवारी मी मायला घेऊन आले. लग्न वैशाखात. माय पाटावर बसली. तिला माहीत होतं काय होणार आहे. तिनं पाय लांब केला आणि नजर दुसरीकडे वळवली. माझी माय कुणासमोर नजर वळवत नाही. बापूजींनी धागा ओढला. तो नुसता अडकला नाही, तुटला.

"धागा बोलला," बापूजी म्हणाले. मग, माझ्याकडे पाहून जरा मऊ आवाजात, "अजून एक महिना लावू दे तिले मलम. घरी बसून. पाय जमिनीले नाही लावाचा."

"घरी बसून?" माय म्हणाली. "मोहफुलं पडाची येळ आली भाऊ. जंगलात कोण जाईन? मंग खालची बांधी हाय, घर हाय, लगन हाय. या टाचा महिन्यात नाही फुटल्या, महिन्यात नाही मिटाच्या."

"मंग पुढच्या वर्षी घे."

"पुढच्या वर्षी पोट्टीचं लगन नाही हाय न."

माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. मी मायचा हात धरला आणि उठवायला लागले. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. सोमवारची शंकराची पूजा आटोपून आल्या होत्या, म्हणून अंगावर सोवळ्याचा कोसा. दर सोमवारी त्या तोच नेसायच्या. त्यांनी कप खाली ठेवले आणि नेहमीसारख्या उकिडव्या बसल्या. माय त्यांच्या पायांकडे पाहत राहिली.

"भाऊ," माय म्हणाली, "वहिनीची टाच पाह्यली का कधी?"

"तिची कायले पाहू? ती का साडी घ्याले आली?"

"पाहा त."

काकूंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. पण बायकांत बायका असतात तसं मायनं सरळ त्यांचा घोटा धरला आणि पाय पुढे केला. उन्हाळ्यात बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, तळ फाटतो तशी टाच. माझ्या मायच्या टाचेपेक्षा वाईट. चार वर्षं मी त्या घरात राहिले. ज्या मलमानं माझे पाय बरे झाले ते शंभर पाण्यांत फेटणारी ही बाई, आणि मी तिचे पाय एकदाही पाहिले नव्हते. मला त्या क्षणी माझीच लाज वाटली, आजही वाटते.

"हे लुगडं किती वर्साचं वहिनी?" मायनं विचारलं.

"लग्नातलं हाय. मामंजीनं इणलं."

"दर सोमवारी नेसता?"

"हो."

"मंग याचा काठ काहून नाही उसवला, भाऊ?"

बापूजी खड्ड्यातून बाहेर आले. लडीतला धागा तोडला, काकूंसमोर खाली बसले आणि त्यांच्या टाचेवरून ओढला. धागा अडकला. मग त्यांनी काकूंच्या लुगड्याचा काठ चिमटीत धरला आणि तोच त्या टाचेवरून घासला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. काठ सरळ निघत होता. करवतीच्या दातांचा तो जुना काठ, जाड, पिळदार.

"सुताचा हाय," बापूजी म्हणाले. आपण बोललो हे त्यांना कळलं नसावं.

"मामंजीले कोट अन् लंगोट समजत नव्हता," काकू म्हणाल्या. चार वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा सगळ्यात लांब टोमणा.

मी म्हटलं ना, बापूजींची चूक कधी नसायची. त्या दिवशी त्यांनी ती तिथंच, आमच्यासमोर, जमिनीवर बसून कबूल केली. आडपडदा नाही. "आजाले ठाऊक होतं," ते म्हणाले. "बापाले ठाऊक होतं. नेसणारी बाई बांधीत जाते, जंगलात जाते, टाच फुटनच. बसली-उठली का टाच काठावर घासते. म्हणून काठ सुताचा. म्या आपल्या सोयीसाठी काठ बदलला, अन् साऱ्या बायाच्या टाचा पाहत बसलो." मग काकूंच्या टाचेकडे बघून म्हणाले, "अन् घरातली पाह्यलीच नाही."

काकूंनी पाय पुन्हा आत घेतला. "चहा थंडा होऊन राहिला," म्हणाल्या.

मायची साडी दुसऱ्या दिवशीच मागावर चढली. विटकरी अंग, हिरवा काठ, करवतीचा, सुताचा. तीन धोटे. दुसरं माणूस हवं म्हणून काकू मागावर शेजारी बसल्या. दोघंही पन्नाशी ओलांडलेली, दहा-बारा वर्षांत तीन धोट्यांना हात न लावलेली. दिवसभर भांडण. "धोटा धाड." "धाडला." "केव्हा धाडला? सुताचा धाड न." काठाचे दात पहिल्या हातभर इतके वेडेवाकडे आले की बापूजींनी ते उसवून पुन्हा केले. काकूंच्या टाचांना मात्र रोज मलम लागायला लागलं, आणि ते लावायचे बापूजी. काशाच्या वाटीसकट. काकू लाजून अर्ध्या व्हायच्या. मी शाळेतून येताना मुद्दाम चपला वाजवत यायची.

साडी लग्नाच्या चार दिवस आधी उतरली. मी हात पुढे केला तेव्हा त्यांनी टाच मागितली नाही, डबीही दिली नाही.

लग्न आमच्या गावात, घरासमोरच्या मंडपात. आमच्याकडे लग्नात नवरा-नवरीला पाटावर बसवून त्यांचे पाय परातीत धुतात. आधी आईवडील, मग एकेक नातेवाईक. मायनं बाबांबरोबर माझे पाय धुतले. ती कोसा नेसून उकिडवी बसली, उठली, पाणी आणायला गेली, पुन्हा बसली. त्या फाटक्या टाचांनी शेणानं सारवलेल्या जमिनीवर दिवसभर वावरली. माझ्या मायला मी इतकी सुंदर आधी कधी पाहिली नव्हती, आणि हे मला साऱ्या मंडपाला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

बापूजी आणि काकू पहिल्या बसनं आले होते. बापूजी आमच्या पाटापासून चार हातांवर, सतरंजीच्या कडेला बसले होते. लग्न बघत नव्हते. मायच्या काठाकडे बघत होते. माय जिकडे जाईल तिकडे त्यांची मान.

पाय धुऊन झाले, माय दम खायला म्हणून सतरंजीवर टेकली. बाबांच्या नात्यातली एक वयस्कर आत्या शहापूरहून आली होती. ती मायशेजारी बसली आणि कोशाचा काठ बोटांत घेऊन उलटासुलटा करून पाहायला लागली. तिचेही पाय बांधीतलेच, टाचांवरून कळत होतं.

"लय बेस हाय वो लुगडं," ती म्हणाली. "मीही गेलती एकदा कोसा घ्याले. सात-आठ वर्स झाले. माह्या पोट्टीचं लगन होतं. तो बुढा म्हणे टाच दाखव. चार बाया बसल्या होत्या तेथी. टाच पाहून वापस धाडलं मले. मंग नाही गेली मी. नायलॉनवर भागवलं."

मायनं बापूजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. आत्या त्यांना ओळखत नव्हती. एवढ्या वर्षांनी, दुसऱ्या गावात, टोपी घातलेला कुणी पाहुणा, एवढंच तिला दिसत होतं. बापूजी गप्प बसले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. माय काही बोलली नसती, मीही नाही.

बापूजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तो बुढा मीच हाय बाई," ते म्हणाले. "टाच तुही बरोबर होती. काठ माहा चुकला होता."

आत्याच्या हातातला काठ सुटला. काकूंनी मान खाली घातली.

"कोणता रंग पायजे होता?" बापूजींनी विचारलं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, पण आत्याला आठवावं लागलं नाही.

"जांभळा," ती म्हणाली. "पिवळ्या काठाचा."